द्वारकीची एसटी

दिगंबर तायडे गेला ही बातमी मला वांग्याच्या वाफ्यात मिळाली. लाईट नुकतीच आली होती, मोटार चालू करून मी पाणी धरत होतो आणि फोन वाजला. त्याची मुलगी प्रज्ञा बोलत होती. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाली. मी "बरं" म्हणालो आणि फोन खिशात ठेवला. बरं काऊन म्हणालो, मला ठाऊक नाही. तेवढ्यात पाणी भलत्याच सरीत फुटलं होतं. ते वळवलं, माती ओढून दारं बांधलं, आणि मग बांधावर बसलो. त्याला आता वर्ष होत आलं. पेपरच्या पुरवणीवाल्यांनी प्रज्ञाला लेख मागितला, तिनं माझं नाव सांगितलं. मी चौथी शिकलेला माणूस आहे. पण दिगंबरवर दुसऱ्या कोणी लिहिलेलं मला चालणार नाही, म्हणून मीच लिहायला बसलो. चार ओळी झाल्या की डोळ्यांतून पाणी येतं. ते मोतीबिंदूचं आहे.

आमचं गाव डोणगावच्या पुढं, रस्त्याला लागून. दिगंबर आणि मी एकाच वर्गात होतो. तो हुशार, मी दांडगा. त्याचा बाप लवकर वारला, आई रोजानं जायची. एका वर्षी त्याच्या आईनं बाईमाणसाला पुरी मजुरी का नाही असं चार लोकांत विचारलं, आणि त्या सुगीत तिला कोणी वावरात बोलावलं नाही. भांडण झालं नाही, कोणी शिवी दिली नाही, नुसतं बोलावलं नाही. मग एक दिवस ती दिगंबरला घेऊन एसटीत बसली आणि खामगावला गेली. तिथं जिनिंगमध्ये कापूस वाहून तिनं त्याला शिकवला. तो टेलिफोन ऑफिसात लागला, मग लिहायला लागला. गावात त्यांचं घर उरलं नव्हतं, तरी तो दरवर्षी यायचा आणि माझ्याकडं उतरायचा. माझी बायको त्याला भाकरी वाढताना म्हणायची, "भाऊजी, तुमी लिहिता म्हणे, मंग आमच्या या बुढ्याचं डोकं काऊन नाही लिहीत?" तो म्हणायचा, "वहिनी, कागद पुरत नाही."

चाळीसएक वर्षं झाली असतील, त्यानं आपल्या आईची गोष्ट सिनेमासाठी लिहिली. पुण्याकडचा एक निर्माता भेटला, त्यानं ती घेतली. बाईचं नाव सिनेमात द्वारकी ठेवलं, आणि सिनेमाचंही तेच. शूटिंग आमच्याच गावात झालं. माझ्या बैलगाड्या होत्या, त्या मी दिल्या, आणि गाडीबरोबर मीही दिवसभर तिथं उभा. सुरुवातीला गाव कसं कामात असतं ते त्यांना घ्यायचं होतं. विहिरीवर बाया, वावरात कापूस वेचणारे, आणि मी गाडीच्या आसाला वंगण घालतो आहे, माझ्या पाठीमागून एसटी धुरळा उडवत जाते. डायरेक्टर म्हणाला, मान वर करायची नाही, कॅमेऱ्याकडं पाहायचं नाही. मी नाही पाहिलं. पण मी बैलांना हाक मारली ती त्याच्या कानावर गेली, आणि माझा आवाज त्याच्या डोक्यात राहिला.

दिगंबरनं लिहिलेला शेवट असा होता की द्वारकी एसटीत बसते, एसटी जाते, आणि गाव आपलं काम करत राहतं. बस. निर्मात्याला तो पटला नाही. असा शेवट केला तर लोक खुर्च्या फोडतील म्हणाला. मग त्यांनी नवा शेवट काढला. एसटी सुटते, आणि एक गडी रस्त्यात मधे उभा राहून दोन्ही हात वर करून गाडी थांबवतो आणि ओरडतो, "थांब द्वारके! तू गेलीस तर या गावानं कुणाच्या तोंडाकडं पाहायचं!" मग सगळं गाव धावत येतं, द्वारकी खाली उतरते, गाणं सुरू होतं. तो गडी मी.

दिगंबर त्या दिवशी पारावर बसून शूटिंग पाहत होता. संध्याकाळी मला एवढंच म्हणाला, "आपल्या इकडं असं कोन बोलते बे? 'कुणाच्या तोंडाकडं पाहायचं' म्हने." मी म्हणालो, "मले जे देलं ते म्या म्हनलं." तो म्हणाला, "हाव, आन् चांगलं म्हनलं." खामगावच्या टॉकीजमध्ये सिनेमा लागला तेव्हा आम्ही दोघं मिळून गेलो होतो. माझ्या वाक्याला शिट्ट्या पडल्या. मी बाजूला पाहिलं तर त्याची खुर्ची रिकामी. बाहेर शेंगदाणे खात उभा होता.

पुढं माझं नावच ते पडलं. बाजारात भाजी घेऊन बसलो की ओळखीचा-अनोळखी कोणीही ओरडायचा, "थांब द्वारके!" सोयरीक जुळवायला गेलो तर पाहुणे आधी ते वाक्य म्हणायला लावायचे, मग चहा. गावात सणावाराला पडदा बांधून तोच सिनेमा लावत, आणि तो शेवट आला की सगळं गाव माझ्याबरोबर ओरडायचं, लहान पोरं तर उभी राहून. मी खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. माणूस जन्मभर वांगी पिकवतो, त्याचं नाव कोण घेतं? माझं घेत होते.

दिगंबर रिटायर झाला, बायको गेली, दम लागायला लागला, आणि त्याच्या डोक्यात आलं की सिनेमा परत कापायचा. आपण लिहिला होता तसा करायचा. मूळ रिळं कुठं गेली कोणाला ठाऊक नाही, निर्माताही राहिला नाही. टीव्हीवर कधी लागला होता त्याची कोणीतरी उतरवून घेतलेली एक सीडी होती, कोपऱ्यात चॅनलची खूण असलेली. लिहिलेले कागदही निर्मात्याकडंच राहिले होते, पण त्याला सगळं पाठ होतं. खामगावात फिरोज नावाचा लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करणारा आहे, जिन्याखाली त्याची खोली, कॉम्प्युटर आणि दोन खुर्च्या. दिगंबर त्याच्याकडं जाऊन बसायला लागला. फिरोजला लग्नसराई नसली की हे काम. गाणी काढली. एक विनोदी हवालदार होता, त्याची चड्डी सारखी सुटायची, तो काढला. मग प्रश्न आला शेवटाचा. एसटी गेल्यावर गाव काम करतं हे शूटच केलं नव्हतं. दिगंबर म्हणाला, सुरुवातीचं काम उचल आणि शेवटी लाव. तेच गाव, तेच हात. जागा तेवढी बदलायची.

पहिल्यांदा फिरोजनं शेवट जोडून दाखवला तेव्हा काय झालं ते दिगंबरनं मला फोनवर सांगितलं, हसत आणि खोकत. द्वारकी एसटीत चढते, आणि पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडतात, सनई वाजते, एसटी बदामाच्या आकारात लहान होत जाते. फिरोजनं कान धरले. म्हणाला, "सर, माफ करा. बाई गाडीत बसली का माहा हात आपोआप तिकडंच जाते. आजवर बिदाईच कापली ना म्या!" मग सगळं साधं केलं. गाडीचा आवाज किती वेळ ठेवू असं त्यानं विचारलं, तर दिगंबर म्हणाला, "मानसाले आयकू येते तवापर्यंत."

काम झाल्यावर त्यानं मला बोलावलं. मेहकरला गाडी बदलून गेलो. धुतलेलं धोतर, नवी टोपी घालून गेलो, कारण मला वाटलं आपलंच पाहायला चाललो आहोत. फिरोजनं मला पुढच्या खुर्चीवर बसवलं. दिगंबर मागं भिंतीला टेकून उभा. सिनेमा खरंच चांगला वाटत होता, हे मी तेव्हाही कबूल केलं असतं. शेवट आला. द्वारकी चढली. एसटी सुटली. मी खुर्चीत पुढं सरकलो, आता मी येणार... मी आलोच नाही. एसटी गेली. विहिरीवर बाया पाणी ओढताहेत. कापूस वेचताहेत. आणि मग मी आलो. आसाला वंगण घालतो आहे, मान खाली, आणि माझ्या पाठीमागून ती एसटी धुरळा उडवत जाते. सुरुवातीला ती गाडी नुसती जाणारी गाडी होती. आता तिच्यात द्वारकी बसलेली आहे आणि मी मान वर करत नाही. तिथंच पडदा काळा.

"हे काय केलं बे?" मी म्हणालो.

"लिहिलं व्हतं ते."

"गाडी थांबवनारा म्या. तू मले मान खाली घालनारा केलं."

"तो पिच्चरमधला मानूस हाये, किसन्या. तू नाही."

"मानूस पिच्चरमधला असंन, तोंड तं माहं हाये ना! उद्या बाजारात मले कोन काय म्हनंन?"

फिरोज चहा सांगतो म्हणून उठून गेला. दिगंबर बराच वेळ दम खात राहिला. मग म्हणाला, "तू हाव म्हनशीन तवाच गावात दाखवतो. नाही म्हनला तं नाही." मी म्हणालो, "म्या मेल्यावर दाखव." तो हसला. "ते कसं जमते बे? लायनीत म्या पुढं हाव."

मी हो म्हणालो नाही. त्यानंतर मी दोन-तीनदा त्याच्या घरी गेलो, वांगी नेली, मेथी नेली. बाकी सगळ्या गोष्टी बोललो, ती एक सोडून. त्याच्या नाकाला नळी लागली होती, मशीन घरघर करत असायचं. शेवटच्या भेटीत प्रज्ञा ती शिकवते त्या शाळेतून यायची होती, आम्ही दोघंच होतो. तो आपणहून बोलला, थांबून थांबून.

"तुह्या सीनमध्ये काही खराब नाही, किसन्या. पन त्या दिवशी म्या मांगच्या सीटवर व्हतो. मायनं मले समोर बसवलं व्हतं, म्या मांग जाऊन काचीतून पाहत व्हतो... डोनगाव येईस्तोवर पाहत व्हतो, कोनी येते का म्हनून." मग श्वास घेतला. "येनारा कोनी असता, तं म्या लिहिला नसता का बे?"

मीही तेव्हा दहा वर्षांचाच होतो, कोणत्या तरी वावरात असेन. मी म्हणालो, "वांगे चांगले हायेत, भरून करायले सांग पोरीले." तो "हाव" म्हणाला. मी उठलो. माझी शेवटची गाडी होती.

तो गेल्यावर गावानं विहारात शोकसभा ठेवली. गावातून गेलेल्या बाईच्या मुलासाठी सगळं गाव जमलं, माळीपुऱ्यातले आले, वरच्या आळीतलेही आले. सिनेमा लावायचं ठरलं होतं. फिरोज मशीन घेऊन आला होता. प्रज्ञा माझ्याजवळ येऊन खाली बसली आणि हळूच म्हणाली, "काका, दोन्ही आणले आहेत. बाबा सांगून गेलेत, तुम्ही म्हणाल तो." मला तिचा राग आला. मेल्या माणसाशी भांडता येत नाही, आणि तो मेल्यावरही मलाच विचारतो. मी म्हणालो, "तुह्या बापाचा लाव." पटलं म्हणून नाही. पिक्चर त्याचा होता, आई त्याची होती.

लोकांना काही माहीत नव्हतं. हवालदार नाही आला तेव्हा थोडी चुळबुळ झाली, मग सगळे बघत राहिले. शेवट आला, द्वारकी एसटीत चढली, घंटी वाजली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं सगळं विहार एका आवाजात ओरडलं, "थांब द्वारके!" म्हातारे ओरडले, बाया ओरडल्या. माझंही तोंड उघडलं होतं. एसटी थांबली नाही. ती निघून गेली, आणि ओरडलेले लोक तसेच राहिले, कोणाचा हात वर, कोणाचं तोंड उघडं. समोर बाया पाणी ओढत होत्या. नंतर मी आलो. कोणी माझ्याकडं पाहिलं नाही. अंधार झाल्यावरही गाडीचा आवाज येत होता, दिगंबरनं सांगितला होता तितका वेळ.

खामगावला जाणं आता मला झेपत नाही, तरी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जावं लागतं. परतीच्या गाडीला वेळ असला की मी फिरोजच्या जिन्याखालच्या खोलीत टेकतो. तिथं दिगंबर ज्या भिंतीला पाठ टेकून असायचा तिथला चुना त्याच्या पाठीएवढा निघालेला आहे. फिरोज त्याच्यावर रंग मारत नाही. तो कोणाच्या तरी लग्नाची हळद कापत असतो, मी येऊन बसलो की थांबतो आणि काही न विचारता तो शेवट लावून देतो. मी अजून हो म्हणालेलो नाही, दिगंबरला नाही आणि कोणालाच नाही. पण बघतो. एसटी निघते, बाया पाणी ओढतात, कापूस वेचतात, मग माझी पाठ दिसते, हात दिसतो, वंगणाचं नळकांडं दिसतं. मागून धुरळा यायला लागतो. दर वेळी मला वाटतं, या खेपेला मी मान वर करीन...

करत नाही.