धक्क्याचा मान

विरूपाक्ष अप्पांचा ट्रक ज्या दिवशी गावच्या वेशीत पहिल्याच हँडलला सुरू झाला, त्याच दिवशी गावात एक माणूस रुसलं. आणि रुसलं ते असं, की अप्पांना आपला आनंद धड मिरवता येईना आणि धड गिळताही येईना.

आधी ट्रकची ओळख. येलदरीच्या धरणावर माती वाहून वाहून म्हातारं झालेलं ते पेट्रोलचं धूड. धरणाचं काम संपलं, कंत्राटदारानं जुनं सामान विकायला काढलं आणि चारठाण्याजवळच्या एका लहान गावातल्या लिंगायत वाण्याच्या या पोरानं बापाचा गल्ला सोडून ते घरी आणलं. बाप कितीतरी दिवस बोलला नाही. पुढं सगळी दुनिया डिझेलकडे वळली, अप्पांची पन्नाशी आली, पण ट्रक तोच. त्याचं नाव गौरा. सकाळी आंघोळ झाली की अप्पा स्वतःच्या कपाळावर भस्माचे पट्टे ओढत आणि बोटांना राहिलेलं भस्म गौराच्या बॉनेटला लावत. बॉनेट उघडायचं काम त्यानंतर. ते रोजच उघडावं लागे.

गौराचं दुखणं एकच. पेट्रोल पेटायला ठिणगी लागते, आणि ही ठिणगी ज्या दोन चिमुकल्या टिकल्यांच्या उघडझापीवर अवलंबून असते, त्यांना पॉइंट म्हणतात. गौराचे पॉइंट काळे पडत, झिजत आणि दमट हवेत तर साफ असहकार पुकारत. अप्पा पॉलिश पेपरनं ते घासायचे आणि मग दोघांमधली फट मोजायचे. कशानं? लग्नपत्रिकेनं. पत्रिकेचा तुकडा दुहेरी करून फटीत सरकवायचा. अडला नाही आणि सैलही झाला नाही, की फट बरोबर. त्यामुळे गावात कुणी पत्रिका द्यायला आलं, की अप्पा नवरानवरीची नावं वाचायच्या आधी कागद चिमटीत धरून बघायचे. “पत्रिका मजबूत हाय. लग्न टिकतंय बगा!” म्हणायचे. यजमान खूश. पातळ कागदावर छापणाऱ्यांची मात्र अप्पांच्या लेखी काही किंमत नव्हती.

एवढं करूनही गौरा सुरू होईलच असं नाही. समोरून लोखंडी हँडल मारून मारून दंड भरून आले, तरी ती नुसती खोकायची. म्हणून ती कायम वेशीजवळच्या चढावर उभी. बाजाराच्या दिवशी जिंतूरला जाणारी माणसं टोपल्या, गाठोडी, कोंबड्या वर टाकायची आणि मागं जाऊन लाकडी फाळक्याला हात लावायची. उतारावर गौरा गडगडत निघायची, अप्पा गिअर टाकायचे, एक जोराचा आचका बसायचा आणि धुराच्या लोटातून “झाली रं झाली!” अशी आरोळी उठायची. ज्यानं धक्का दिला, त्याला भाडं नाही. हा कायदा कुणी केला कोण जाणे, पण तो कुणी मोडला नाही. विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चे-बंद चालले आणि एस.टी. थांबली, की गौराला धक्का द्यायला दुप्पट हात असायचे. फाळक्यावर प्रत्येकाची जागा ठरलेली. वर्षानुवर्षांच्या हातांनी तिथला रंग उडून लाकूड गुळगुळीत झालं होतं.

डाव्या कोपऱ्यातली गुळगुळीत जागा धुरपताबाईंची. एकटी बाई, विहिरीला लागून तुकडाभर जमीन, त्यात शेपू आणि चुका. टोपलं घेऊन बाजाराला जायच्या. देवळातला प्रसादसुद्धा फुकट खायच्या नाहीत, आधी दोन खराटे मारून देतील. ट्रक पहिल्यांदा गावात आला आणि वेशीतच बंद पडला, तेव्हा अख्खा गाव दात काढत उभा होता. वाण्याचं पोर रडकुंडीला आलेलं. त्या हशातून एकट्या धुरपताबाई पुढं आल्या, टोपलं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “हसता काय बे, हात लावा की!” अप्पा ती हाक कधी विसरले नाहीत. त्यांच्यासाठी धुरपतामाय पाठीमागच्या कोपऱ्यात असली, की गाडी सुखरूप जाणार.

पण शह्याऐंशी साली गावातल्या व्यंकटरावांच्या मुलाचं वऱ्हाड घेऊन गौरा नवरीच्या गावी, पूर्णेला निघाली आणि माळरानात बसली. तिथं उतार नाही की चढ नाही. शेवटी खुद्द नवरदेव खाली उतरला. मुंडावळ्या कानामागं खोचून, हळदीच्या अंगानं ट्रक ढकलू लागला. मुहूर्त कसाबसा गाठला, पण नवरी हसू दाबत होती आणि नवरदेवाच्या शेरवानीवर ग्रीसचा पंजा उमटला होता. घरी आल्यावर नीलम्मानं, म्हणजे अप्पांच्या बायकोनं, पाण्याचा तांब्या पुढं केला आणि शांतपणे म्हटलं, “गावाच्या खांद्यावर चालायली तुमची गाडी. तिला ट्रक कशापायी म्हनायचं? पालखी म्हना.”

हे लागलं. अप्पा गौराला घेऊन तडक परभणीला गेले, ओळखीच्या बन्सीधरकडं. बन्सीधर गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. त्यानं एक ॲल्युमिनियमची डबी दाखवली. म्हणाला, “अप्पा, पॉइंट काढून फेका. आता इलेक्ट्रॉनिक इग्निशन. घासायचं न्हाई, फट मोजायची न्हाई. ठिणगी आपोआप पडती, ती बी निळी.”

“आन् पत्रिका?”

“पत्रिका आता वाचायची, अप्पा.”

दुपारपर्यंत डबी बसली, तारा जोडल्या गेल्या. काढलेले पॉइंट अप्पांनी तळहातावर घेतले. एवढ्याशा टिकल्या, पण निम्मं आयुष्य त्यांच्यापुढं वाकून उभं राहण्यात गेलं होतं. ते त्यांनी रुमालात बांधून खिशात टाकले. मग हँडल धरलं, पाय रोवले, श्वास घेतला आणि अर्धा फेरा दिला न दिला तोच गौरा गुरगुरायला लागली. अप्पा इतका जोर काढून बसले होते, की तो खर्च करायला जागाच उरली नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. परतीच्या वाटेवर ते प्रत्येक हॉटेलासमोर थांबले. चहाची तल्लफ नव्हती. इंजिन बंद करायचं आणि पुन्हा सुरू करायचं, एवढंच काम. त्या दिवशी पहिल्यांदा गौरा वेशीवर थांबली नाही. खालच्या आळीत, थेट घराच्या दारात जाऊन उभी राहिली. चढावर ठेवायची आता गरजच काय? नीलम्मानं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

बाजाराच्या दिवशी अप्पा गौराला घेऊन वेशीत आले, मुद्दाम इंजिन बंद केलं. माणसं सवयीनं मागं गेली, हात फाळक्याला लागले. अप्पांनी हळूच हँडल मारलं. गौरा एका हाकेला उठली! मागची मंडळी चक्रावली, मग टाळ्या, शिट्ट्या. कुणी म्हणालं, “अप्पा, म्हातारीला काय खाऊ घातलं हो?” सगळे हसत वर चढले. धुरपताबाई मात्र खालीच उभ्या होत्या.

“चला की, माय.”

“मी कुटं धक्का दिला? फुकट न्हाई बसायची मी.”

“अवं, आजवर दिला तेवडा काय कमी हाय?”

“त्याचं त्या त्या दिवशी फिटलं.”

“बरं, मग भाडं द्या.”

“घे.” त्यांनी कनवटीला हात घातला. आता त्या बाईकडून भाडं घ्यायला अप्पांचा हात काही पुढं होईना. त्यांनी न घेतल्यावर धुरपताबाईंनी टोपलं डोक्यावर घेतलं आणि एस.टी.साठी फाट्याची वाट धरली. अप्पांनी गौरा त्यांच्या बाजूनं चालीच्या वेगानं नेली. खिडकीतून विनवणी चाललेली, वरून माणसं ओरडतायत, “बसा की वो!”, कोंबड्या कलकलाट करतायत, आणि धुरपताबाई समोर बघत चालतायत. फाट्यापर्यंत ही मिरवणूक चालली. त्या बसल्या नाहीत.

जिंतूरहून येताना गौरा कुठंही अडकली नाही, पण अप्पांचं लक्ष लागेना. ज्या हातानं गाडी गावात आली, तोच हात आपण परका करून टाकला, असं त्यांना सारखं वाटत राहिलं. आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. नीलम्मानं विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगून टाकलं. ती हसली. “मग पालखी कदी कदी अडती म्हनावं.”

पुढच्या बाजारी लोक वेशीत जमले, तेव्हा गौरा आपल्या जुन्या जागी, चढावर उभी होती आणि अप्पांचं डोकं बॉनेटमध्ये होतं. हातात पॉलिश पेपर, कानावर लग्नपत्रिकेचा तुकडा. अप्पांनी बॉनेट आदळलं, खूप हँडल मारलं, खूप घाम पुसला. चावी मात्र फिरवलीच नव्हती. धुरपताबाई फाट्याकडं निघाल्या होत्या, त्या थांबल्या.

“काय झालं रं, इरुपाक्षा?”

“काय सांगू, माय. नवी डबी रुसली. आता तुमचाच आधार.”

त्यांनी क्षणभर अप्पांकडं पाहिलं. मग टोपलं वर दिलं, पदर खोचला आणि डाव्या कोपऱ्यातल्या गुळगुळीत लाकडावर तळवा टेकला. सगळ्यांनी जोर लावला. गौरा हलली, गडगडली. आपण पकडले जाऊ या भीतीनं अप्पांनी पार उताराच्या टोकाला जाऊन चावी फिरवली. आचका, धूर आणि “झाली रं झाली!” ती आरोळी ऐकून अप्पांचं ऊर भरून आलं. पहिल्या हँडलला उठलेल्या इंजिनापेक्षाही तो आवाज त्यांना गोड वाटला.

धुरपताबाई धापा टाकत आल्या आणि आज मागं न चढता सरळ पुढं, अप्पांच्या शेजारी येऊन बसल्या. गाडी फाट्याला लागली. मग समोर रस्त्याकडं बघतच म्हणाल्या, “खालच्या आळीतून चढावर गाडी आनलीस सकाळी, ती काय उडत आली व्हय रं? साऱ्या गावानं आवाज आयकला.”

अप्पांचे कान लाल झाले. स्टिअरिंग घट्ट धरून त्यांनी मान खाली घातली.

“धक्का मी देनार, त्याचं काय न्हाई,” धुरपताबाई पदरानं घाम पुसत म्हणाल्या. “पन फुडच्या बाजारी चावी जरा आदुगर फिरवत जा. उतार सरस्तोवर ढकलायचं वय राहिलं न्हाई आता माजं.”