डॉक्टरांचा सत्कार

सत्तरच्या दशकात इस्लामपूरच्या आसपास उसानंतरचं दुसरं नगदी पीक म्हणजे सत्कार. माझे वडील गावच्या सोसायटीचे चेअरमन. कोणाचा मुलगा फौजेतून सुट्टीवर आला, कोणाच्या विहिरीला पाणी लागलं, की हे शाल-नारळ घेऊन उभे. आमच्या कपाटात घडी न मोडलेल्या शालींची थप्पी कायम तयार असे. पाहुण्यांपुढे स्वागतगीत म्हणायचं काम माझं.

दहा वर्षांची असताना एका सत्कारात मी दुसरं कडवं विसरले. वडिलांनी माईकवरूनच विचारलं, "काय गं, दातखीळ बसली व्हय?" सगळा मांडव हसला. पुढे घरी येईल त्याला ते हा किस्सा ऐकवत, आणि चहा आणायला मलाच हाक मारत.

त्यानंतर अंगणात त्यांची फटफटी वाजली की मी ताटावरून उठायची. जेवण जाईना. शाळेच्या वाटेवर उलट्या व्हायच्या, मग शाळाही सुटली. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. दृष्ट काढून झाली, जंताचं औषध झालं. शेवटी तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगलीच्या मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. आई मला एसटीने घेऊन गेली.

हे डॉक्टर हळू बोलायचे. आईला म्हणाले, "औषध थोडंसं देतो. पण हिला इथे बरी करायची आणि परत त्याच धाकात पाठवायची, याला अर्थ नाही. तुम्ही दोघंही येत जा. वडील आले नाहीत, तर इलाज अर्धाच."

आईने घरी हे सांगितलं तेव्हा वडील जेवून हात धूत होते.

"म्या कशाला? येड मला लागलंय व्हय?"

"आवं, तसं न्हाई. नुसतं बसून बोलायचं म्हणत्यात."

"माझं बोलणं ऐकाया लोकं मांडव घालत्यात!"

हे मात्र खरं होतं.

पुढच्या खेपेला त्यांनी आपल्याऐवजी सोसायटीचा सेक्रेटरी पाठवला. मीटिंगला चालतं ते इथेही चालेल, असं त्यांना मनापासून वाटलं. सेक्रेटरी टोपी मांडीवर घेऊन बसला. डॉक्टरांनी विचारलं, "मुलगी कशाला घाबरते?" तो म्हणाला, "चेअरमनसाहेबांना इचारून सांगतो."

आई मात्र दर खेपेला आली. मी ऐकलं नाही की वडिलांच्या नावाने धाक घालायचं तिचं 'थांब, त्यांना सांगते' हे वाक्य डॉक्टरांनी तिला सोडायला लावलं आणि तिने ते सोडलं. मी दोन घास खाऊ लागले. हळूहळू शाळेत जाऊन बसू लागले.

मग एके दिवशी वडील म्हणाले, "ह्या खेपेला म्या बी येतो." मला भीती वाटली आणि आनंदही झाला. ते बसतील, डॉक्टर त्यांना नीट सांगतील, सगळं संपेल असं वाटलं.

ते जीपने आले. सोबत चार संचालक आणि एक फोटोग्राफर. त्या एवढ्याशा खोलीत त्यांनी डॉक्टरांच्या गळ्यात हार घातला, 'आमच्या कन्येस नवजीवन' वगैरे भाषण केलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हं, म्हण स्वागतगीत."

माझ्या तोंडाला पाणी सुटलं. ते उलटीच्या आधी सुटतं तसलं.

डॉक्टरांनी हार काढून टेबलावर ठेवला. इतरांना बाहेर जायला सांगितलं आणि एक खुर्ची पुढे ओढली. "बसा. तुमच्या मुलीला तुमची भीती वाटते. मला तेवढ्यावरच बोलायचंय."

"लेकरू बापाला भिणारच. न्हाईतर बाप कशाला म्हणायचं?" वडील शाल काखेत मारून दाराकडे वळले. आईला म्हणाले, "चला."

"तुमी व्हा फुडं," आई म्हणाली. "आमी यष्टीनं येतो." आणि त्यांच्यासाठी ओढलेल्या खुर्चीवर ती बसली.

त्या सत्काराचा फोटो आमच्या बैठकीत कितीतरी वर्षं टांगलेला होता. त्यात डॉक्टर अवघडलेले, वडील हसरे आणि मी कोपऱ्यात तोंडावर हात धरून. पाहुणे तो कौतुकाने बघत.

आता लोक मला समजावतात, त्या पिढीला हे कळतच नव्हतं, कोणी सांगितलंच नव्हतं. खोटं आहे. खुर्ची पुढे ओढून, आवाज न चढवता, सोप्या मराठीत सांगितलं होतं. मी तिथेच उभी होते.