चामडेगल्लीतला मुक्काम

रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बाटल्या धुण्याचं काम करणाऱ्या त्या बाईंना सगळे बाटलीमावशी म्हणत. जे जे माणूस अंगाबाहेर टाकतो आणि पुन्हा बघायला धजत नाही, ते सगळं मावशींच्या हातांखालून जायचं. नवीन लागलेल्या मुली पहिल्याच आठवड्यात नाकाला रुमाल लावून पळत सुटायच्या. मावशी मात्र मोरीपाशी उभ्या राहून, आज भाजी कसली करावी याचा विचार करत बाटल्या खळखळवत असायच्या. "माणसाचंच तर आहे," म्हणायच्या, "माणसाला माणसाची कसली आलीय शिसारी?" किळस ही चीज त्यांच्या वाट्याला आलीच नाही, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. त्यांनी स्वतःसुद्धा.

त्यांचे यजमान मालट्रकांच्या वजनकाट्यावर नोकरीला, म्हणून लोकांनी त्यांचं नाव काटेराव पाडलं होतं. काट्यावरून घरी आले तरी त्यांचं तोलणं थांबत नसे. साबणाची वडी झिजून पापुद्र्याएवढी झाली की ते ती नव्या वडीला दाबून चिकटवायचे. पाहुण्याने अर्धा टाकलेला चहा गाळून पुन्हा तापवायचे आणि मिटक्या मारत प्यायचे. मावशी याला काटकसर म्हणायच्या. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या खोडीला एखादं बरंसं नाव द्यायची सवय बाईला लागतेच.

एकदा प्रयोगशाळेला रंग द्यायचा निघाला आणि मावशींना आठवडाभर सुट्टी मिळाली. मोठं शहर जेमतेम दिवसभराच्या अंतरावर, पण त्यांनी ते पाहिलं नव्हतं. तिथल्या बागेत एक भलंमोठं काचघर आहे, आत रानासारखी झाडं वाढतात, पाण्यावर परातीएवढाली पानं तरंगतात, असं प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाई सांगायच्या. ते एकदा डोळ्यांनी बघावं, एवढीच त्यांची हौस. काटेरावांची भाची त्या शहरात शिकायला होती. मावशींनी तिला फोन करून विचारलं, उतरावं तरी कुठे?

"मामी, स्टेशनमागे नको, तिथे सारखी गाड्यांची खडखड असते," भाची म्हणाली. "आणि चामडेगल्लीच्या तर वाऱ्यालाही उभी राहू नकोस. सगळ्यात स्वस्त तीच, पण नाक घरी ठेवून यावं लागेल. तू टेकडीखाली उतर. तिथे लोक आपल्या घराच्या वरच्या खोल्या भाड्याने देतात. जरा आडबाजूला आहे, भाडंही थोडं चढं, पण बस दारात येते आणि चादरी उन्हात वाळवलेल्या असतात."

जेवताना मावशींनी हे काटेरावांच्या कानावर घातलं. ते घास चावत म्हणाले, "झोपायलाच तर जायचंय ना? डोळे मिटले की महाल काय नि गोठा काय, सगळं सारखंच." आणि दुसऱ्या दिवशी एका ट्रकवाल्याच्या ओळखीने त्यांनी परस्पर खोली ठरवून टाकली. कुठे, ते मावशींना बस शहरात शिरल्यावर कळलं. चामडेगल्लीत.

गल्लीच्या तोंडाशीच मीठ लावलेल्या कातड्यांच्या थप्प्या रचून ठेवलेल्या होत्या. गटारातून निळसर पाणी वाहत होतं आणि त्याच्या कडेने केसांचा ओला गाळ साचला होता. लॉजचा मॅनेजर खोलीच्या किल्लीने कान कोरत बसला होता. तीच किल्ली त्याने शर्टाला पुसून मावशींच्या हातात दिली. खोलीत गादीच्या मधोमध आधीच्या पाहुण्यांनी पाडलेला खळगा. पडदा इतका कडक झालेला की हात लावला तर करकरला. बेसिनच्या भोकात कुणाच्या तरी केसांची गुंडाळी, आणि साबणदाणीत साबणाचा तुकडा, त्यावर दाताने चावल्यासारखी खूण.

"हवा खेळती आहे की," काटेराव म्हणाले आणि बूट न काढताच गादीवर पसरले.

मावशींनी बाही वर सारली. बेसिन मोकळं केलं, फरशी पुसली, चादर उलटी करून अंथरली. त्यांना याचं काही वाटलं नाही. घाणीला त्या भीत नव्हत्या. घाण पाण्याने जाते.

दुसऱ्या दिवशी दोघं काचघराकडे निघाले. वाटेत एका खाणावळीबाहेर थांबून काटेरावांनी पिशवीतून घरून आणलेला पाव काढला. त्याच्या कडेला हिरवी बुरशी धरली होती. ती त्यांनी नखाने खरवडली, नख पँटला पुसलं आणि पाव मावशींपुढे धरला. "घे. बाकीचा चांगला आहे." मावशींनी भूक नाही म्हणून सांगितलं. बागेच्या दाराशी तिकिटाची खिडकी होती. ती बघून काटेरावांचे पाय थबकले.

"अगं, काचेचंच तर आहे," ते म्हणाले. "बाहेरूनही दिसेल."

आणि मावशींनी ते काचघर खरोखरच बाहेरून पाहिलं. आतून वाफ धरलेल्या काचा. त्यांच्यामागे कुठे हिरवं, कुठे त्याहून गडद हिरवं काही. एक शाळकरी मुलगी आतून काच पुसून बाहेर बघत होती, तिने मावशींना हात केला. मावशींनीही केला. काटेराव मागे उभं राहून समाधानाने म्हणाले, "बघ, झालं की नाही बघून?" तेव्हा मावशींच्या गळ्याशी काहीतरी आंबट आलं. सकाळचा चहा बाधला असेल, असं त्या मनाशी म्हणाल्या.

त्यानंतरच्या सकाळी मावशी केस विंचरत होत्या. काटेराव त्यांच्याकडे पाठ करून बॅगेपाशी वाकले होते. आरशात दिसलं, त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, मोज्यात घातलं आणि मोज्याची गुंडाळी करून बॅगेच्या तळाशी सारली. चोराचिलटाचं भय, दुसरं काय, असं मावशींना वाटलं. चहा पिऊन दोघं परत आले तेव्हा लॉजची झाडूवाली खोली झाडून जिना उतरत होती. साठीपलीकडची बाई, एक हात कोपरापासून आखडलेला. काटेराव खोलीत गेले, दोन मिनिटांत तरातरा खाली आले आणि मॅनेजरसमोर उभे राहिले.

"माझं घड्याळ गेलं. खोलीत तुमच्या बाईशिवाय कुणी शिरलेलं नाही."

मॅनेजरने एक शब्द विचारला नाही. म्हातारीला जिन्यातच थांबवलं आणि तिची पिशवी पायरीवर उपडी केली. पावाचा अर्धा तुकडा, मोडका कंगवा, औषधाची पट्टी आणि फडक्यात बांधलेली दातांची कवळी. कवळी घरंगळत दोन पायऱ्या खाली गेली. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू कठड्यावर रेलून बघत होते, एक जण हसला. "खिसे उलटे कर," मॅनेजर म्हणाला. म्हातारीने चांगल्या हाताने एक खिसा उलटा केला. दुसऱ्या खिशापर्यंत तिचा हात पोहोचेना, तर मॅनेजरने स्वतःच त्यात हात घातला. ती भिंतीकडे बघत राहिली.

काटेराव म्हणत होते, "मी पोलिसात जाणार नाही. गरीब आहे बिचारी. आमच्या मुक्कामाचं भाडं तेवढं सोडा, म्हणजे मिटलं."

तेव्हा कुठे मावशींच्या डोक्यात उजेड पडला. त्या वर गेल्या, बॅगेच्या तळातला मोजा काढला, खाली आणला आणि मॅनेजरच्या टेबलावर झटकला. घड्याळ टणकन पडलं.

काटेराव हसले. अगदी मनापासून हसले, तोंडातले पिवळे दात दिसेपर्यंत. "अरेच्चा. मोज्यात होतं होय. वय झालं बघा आमचं." घड्याळ मनगटावर चढवता चढवता मावशींच्या कानाशी वाकले आणि कुजबुजले, "तुला जरा दम धरवला नाही. सुटलं असतं की भाडं."

त्यांच्या तोंडाला त्या बुरशीच्या पावाचा वास येत होता. मावशी जिन्याखालच्या मोरीकडे धावल्या आणि भडाभडा ओकल्या. ज्या बाईने जन्मभर गावाची घाण नाक न मुरडता धुतली, तिच्या पोटात घरच्या माणसाचा श्वास ठरला नाही.

चूळ भरून त्या पायरीशी आल्या. म्हातारी आपल्या वस्तू गोळा करत होती. मावशींनी कवळी उचलून पाण्याखाली धरली, फडक्यात ठेवली.

"आजी, आमचं चुकलं. माफ करा."

"तुम्ही जाल उद्या-परवा," म्हातारी वर न बघता म्हणाली. "हा आता रोज माझी पिशवी उलटी करणार. एकदा हात घातला की सवय होते, बाई." आणि झाडू घेऊन ती पुढच्या खोलीत शिरली.

मावशींनी आपली बॅग भरली. काटेराव दारात उभे राहिले. "आता कुठे? एवढ्या तेवढ्यावरून तमाशा करतेस? मी काय कुणाचा गळा कापला?"

"बाजूला व्हा," मावशी म्हणाल्या. "आणि अंगाला हात लावू नका."

हे त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की ते झाले बाजूला.

भाचीला फोनवर विचारत विचारत त्या टेकडीखाली पोहोचल्या. शिवणाचे क्लास घेणाऱ्या एका बाईंच्या घरी वरची खोली मिळाली. चादर खरंच उन्हाची होती. खिडकीखाली कुणीतरी रोपांना पाणी घालत होतं. पण मावशींना सुख लागेना. त्यांनी आंघोळ केली, कपडे धुतले, केस धुतले. घरमालकीण म्हणाली, "चामडेगल्लीत होता ना? तो वास दोन दिवस राहतो." मावशी नुसत्या हो म्हणाल्या. कातड्यांचा वास कधीच गेला होता. त्यांना दुसराच येत होता, इतकी वर्षं शेजारी झोपून अंगात मुरलेला.

दुसऱ्या दिवशी त्या भाचीला घेऊन तिकीट काढून काचघरात गेल्या. पानं परातीएवढीच होती. भाचीने खूप काही दाखवलं, त्यांनी सगळं पाहिलं, पण मध्येच पायरीवर उपडी पडलेली पिशवी डोळ्यांपुढे यायची. तेवढ्यात काटेरावांचा फोन आला. "राग उतरला का? दोघांच्या खोलीत मी एकटाच झोपतोय. फुकट जातंय गं सगळं." मावशींनी फोन भाचीच्या हातात दिला.

परतीच्या आधी त्या एकट्याच चामडेगल्लीत गेल्या. म्हातारीसाठी एक अंगात घालायचा उबदार कोट घेतला होता. मॅनेजर म्हणाला, ती काम सोडून गेली. कुठे राहते? त्याला ठाऊक नव्हतं. नाव काय? ते त्याने कधी विचारलंच नव्हतं. मावशी कोट हातात घेऊन त्या निळ्या गटाराच्या कडेने परत आल्या.

त्यांनी घर सोडलं नाही. या वयात कुठे जाणार, आणि घर त्यांच्याही कमाईतून उभं राहिलं होतं. पण अंथरूण स्वयंपाकघरात नेलं. काटेराव शेजाऱ्यांना सांगत, फार स्वस्तात शहर झालं आमचं, आणि वर लॉजचा पत्ता देत. त्या शेजाऱ्यांना मावशी फाटकापाशी गाठून टेकडीखालचा पत्ता द्यायच्या. काटेरावांच्या पत्त्याबद्दल बरं किंवा वाईट एक अक्षर बोलायच्या नाहीत.

पुढे दर वर्षी त्या सुट्टी काढून एकट्या शहरात जायच्या, त्याच वरच्या खोलीत राहायच्या. काटेरावांना त्यांनी कधी चल म्हटलं नाही, त्यांनीही भाड्याच्या भीतीने कधी आग्रह धरला नाही. बाजाराला मात्र दोघं अजून बरोबर जातात. रस्ता ओलांडताना काटेराव जुन्या सवयीने हात पुढे करतात. मावशी भाजीची पिशवी त्या बाजूच्या हातात घेतात आणि गाड्या बघत पुढे होतात.