गंगाधरमामांचा पासवर्ड

वळसंगहून रोज सकाळच्या एसटीने येणारे गंगाधरमामा विद्यापीठातल्या एका विभागाचा संगणक कक्ष सांभाळत. नेमणूक अकरा महिन्यांची, दरवर्षी नव्याने. असं एकोणीस वर्षं चाललेलं. कक्षाच्या भिंतीवर त्यांच्याच वळणदार अक्षरातला कागद होता: आपला पासवर्ड कोणालाही सांगू नये. पोरांनी हा नियम मोडला की मामा असे कडाडत, की शेजारच्या वर्गातले सर दार लावून घेत.

आणि मामांचा स्वतःचा पासवर्ड? तो अख्ख्या विभागाला तोंडपाठ! प्राध्यापक मंडळी आपापला पासवर्ड विसरणार. नवा मागायचा तर अर्ज, अर्जावर सही, सही करणारे साहेब जागेवर नाहीत. मग, "मामा, तुमचाच टाका हो." एवढ्या शिकलेल्या माणसांना मामा नाही कसं म्हणणार? पुढे पुढे तर मामांना हाक मारायचीही कोणाला गरज वाटेना.

एका मंगळवारी विभागप्रमुख निवेदिता मॅडम अशाच मामांच्या नावाने संगणकावर बसल्या. दर्शनी दालनातल्या मोठ्या पडद्यावर त्यांनी परीक्षेच्या सूचना लावल्या. पडद्याची जोडणी तोडायची मात्र राहिली, आणि त्याच संगणकावर त्यांनी एक पत्र उघडलं. सिद्धेश्वरी नावाच्या विद्यार्थिनीने एका सरांविरुद्ध केलेली ती गोपनीय तक्रार होती. दहा मिनिटं ती बाहेर पडद्यावर झळकत राहिली. पोरांनी फोटो काढले. सिद्धेश्वरी यायची बंद झाली.

चौकशी लागली. संगणकाच्या नोंदीत नाव एकच होतं, गंगाधर.

मॅडमनी त्यांना केबिनमध्ये बोलावून दार लावलं.

"मामा, पासवर्ड सगळ्यांना दिला होता असं सांगितलंत तर पुढची नेमणूक होणार नाही. त्यापेक्षा लिहून द्या, मी तुम्हाला पत्राची प्रिंट काढायला सांगितली होती आणि पडदा तुमच्याकडून चालू राहिला. नुसता मेमो मिळेल. बाकी मी बघते."

"पण मॅडम, तितं तुमी बसला हुता की!"

"मी कुठे नाही म्हणते?" मॅडम इतक्या गोड आवाजात म्हणाल्या, की एखाद्याला वाटावं, उपकारच करताहेत. "पण तुमचं वय बघा. आता दुसरीकडे कोण घेणार?"

मामांना संताप आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. खरं सांगावं तर नोकरी जाणार, खोटं सांगावं तर तोंड काळं होणार. त्यांनी लिहून दिलं. मेमो आला. नेमणूकही झाली.

पंधरा दिवसांनी सिद्धेश्वरी आली. प्रकल्प पुरा करायचा होता, आणि संगणक तर इथेच. ती दारातच थांबली.

"मामा, माझं पत्र तुमी लावलं?"

मामांचे ओठ हलले. पण सहीनिशी लिहून दिलेलं आता फिरवायचं कसं?

"चूक झाली, पोरी."

ती आत आली. कोपऱ्यातल्या संगणकावर जाऊन बसली. थोड्या वेळाने मामा नेहमीसारखे रांगेतून फिरत तिच्या खुर्चीमागे आले. तिने चटकन हात पुढे करून स्क्रीन बंद केला आणि ते पुढे जाईपर्यंत मान खाली घालून बसून राहिली.