एस्तेरबाईंना दिसलं, सहादूला नाही

सहादू पगारे माणूस तसा लय हिंडलेला. कन्याकुमारी तीनदा, दार्जिलिंग दोनदा, काश्मीर एकदा, आणि उटीचं तर विचारूच नका. पण त्याला कोणी म्हटलं, "सहादू, दार्जिलिंग कसं हाय रे?" तर हा सांगायचा, "थंड हाय. वाटाणा चांगला मिळतो." आणि कन्याकुमारी? "पाणी बेकार. डाळ शिजता शिजत नाय."

त्याचं कारण असं, की सहादू नाशिकच्या एका यात्रा कंपनीत आचारी. आपल्या लोकांना बघायला हिमालय पाहिजे, पण ताटात वरण-भात आणि पिठलंच पाहिजे. म्हणून कंपनी आचारी संगं नेते. प्रवासी बर्फ बघायला गेले की सहादू हॉटेलच्या मागच्या बोळात बसून कांदा चिरायचा. संध्याकाळी मंडळी परत यायची ती तोंडं उजळून, "अहाहा, काय ते दृश्य!" करत. सहादू वाटी पुढं करून विचारायचा, "कोशिंबीर देऊ का?"

मूळचा सायखेड्याचा. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, बाप नाशिकला शरणपुरात राहायला आला, आणि सहादू दर रविवारी चर्चला जातो. आता चर्चमध्ये पाळकसाहेबांच्या उपदेशाआधी साक्षीची वेळ असते. देवानं ज्याला काही दाखवलं, ज्याचं दुखणं बरं केलं, त्यानं उभं राहून चार शब्दांत सांगायचं. चार शब्दांत कोणी आटपत नाही, तो भाग वेगळा.

तिथंच सहादूच्या पोटात दुखायला लागलं.

झालं असं, की एस्तेरबाई म्हणून एक निवृत्त शिक्षिका आहेत. एकतीस वर्षं भूगोल शिकवला, आवाज असा की माइकची गरज नाही. अकरा वर्षांमागं त्या सहादूच्याच कंपनीतून दार्जिलिंगला गेल्या. परत आल्यावर रविवारी उभ्या राहिल्या आणि पहाटेच्या बर्फाच्या शिखरावर पहिला किरण कसा पडला, शिखर कसं तांबूस झालं, आणि ज्या देवानं हे उभं केलं त्याच्यापुढं आपण केवढेसे, हे असं काही सांगितलं की पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. बायामाणसं रडली. मागच्या बाकावर सहादू बसलेला. त्याच्या मनात आलं, 'अरे, मीपण तिथंच होतो की! त्याच पहाटे! शंभर माणसांचा उपमा परतत होतो!'

तेव्हापासून बाई कुठंही गेल्या की येऊन साक्ष देणार. मुन्नारचे चहाचे मळे झाले, कच्छचं मीठ झालं. एकदा तर कळवणला भाचीच्या लग्नाला गेल्या, तर वाटेतल्या डोंगरांवरनं अर्धा तास! सहादूचं डोकं फिरायचं. घरी येऊन बायकोला म्हणायचा, "सुले, देव काय बाईंच्या खिडकीशीच उभा राहतो का?"

सुलाबाई कणीक तिंबत म्हणायची, "तुम्ही जळता."

"मी कशाला जळू? मी आपलं विचारतो."

"जळता. भर चर्चात तुमचा वास येतो करपल्याचा."

यंदा सप्टेंबरात चर्चच्या मंडळीनं दोन दिवसांची सहल काढली हातगडाला, वणीच्या पुढं, सुरगाण्याच्या अंगाला. अडतीस माणसं. सकाळी उजाडता गडावर चढायचं, माथ्यावर प्रार्थना करायची, खाली येऊन नाश्ता. स्वयंपाकाला कोण? सहादू. कंपनीतनं तो चैत्रातच निवृत्त झाला होता. पण पाळकसाहेबांपुढं तो हात जोडून उभा राहिला. "येतो साहेब. पण एक अट हाय. यंदा मी वर चढणार."

"मग पोह्यांचं कसं?"

गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एस्तेरबाई शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "मला काही चढता यायचं नाही. पोहे मी करीन. सहादूभाऊ, तुम्ही जा. इतकी वर्षं आम्हाला वाढलंत."

बघा, किती चांगलं बोलल्या! पण जळणाऱ्या माणसाला चांगलं बोललेलं जास्त झोंबतं. सहादू म्हणाला, "बाई, अडतीस माणसांचे पोहे म्हणजे फळ्यावरचा नकाशा नाय. खाली धरतात, करपतात."

"धरू देणार नाही. तुम्ही सांगाल तसं."

गडाच्या पायथ्याला मुक्कामाचं घर होतं, आणि त्याच्या मागं दरीच्या काठावर पत्र्याच्या आडोशात चूल मांडलेली. सकाळी सहादूनं कांदा चिरून ठेवला, पोहे भिजवून निथळले, कढई काढून ठेवली, आणि बाईंना तीन तीनदा बजावलं, "आम्ही उतरायच्या सुमाराला चढवा. पण मग हात थांबवायचा नाय. काय पण होऊ द्या, झारा हलता पाहिजे." मग इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या पुढं निघाला. सासुरवाडीला निघालेला जावईसुद्धा इतका ऐटीत चालत नाही!

आता रविवारी उभं राहायचं, ही त्याची पक्की तयारी. वाटेत शब्दही जुळवून ठेवले होते. फक्त डोंगर दिसायचे बाकी होते.

आणि माथ्यावर धुकं.

धुकं म्हणजे कसं? शेजारच्या माणसाचा खोकला ऐकू येतो, माणूस दिसत नाही. पाळकसाहेबांनी डोंगरांचं स्तोत्र वाचलं, डोंगर एकही हजर नाही. लोकांनी गाणी म्हटली, थरथरत प्रार्थना केली. सहादू दोन्ही डोळे टक्क उघडे ठेवून उभा. 'एकदा. एकच फट दे, देवा. बोटाएवढी.' अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. त्याला आपल्या चपलांचे अंगठे तेवढे दिसत होते. शेवटी "पोह्यांचं बघतो" म्हणून तो इतरांच्या आधी खाली उतरला.

अर्ध्या वाटेवर धुक्यातनं बाहेर आला तर खाली लख्ख ऊन! आणि नाकात शिरला करपल्याचा वास.

पळतच आडोशात गेला. कढईतनं धूर निघतोय आणि एस्तेरबाई कुठंच नाहीत. मागं गेला तर दरीच्या काठावर उभ्या. पाठीवर कोवळं ऊन, समोर दरी पांढऱ्या धुक्यानं काठोकाठ भरलेली. हातात झारा तसाच. गालांवरनं पाणी वाहतंय.

"बाई! पोहे!"

त्या वळल्या. त्यांचा चेहरा सहादूनं आधी शंभर वेळा पाहिला होता, पण असा नाही. शाळेत पहिल्या दिवशी आलेल्या पोरीसारखा होता. म्हणाल्या, "सहादूभाऊ, खाली... गोल होतं. इंद्रधनुष्य, पण पुरं गोल. आणि मधोमध माझी सावली. मी हात वर केला, तर त्या कड्यात तिनंपण केला..."

सहादूनं वाकून पाहिलं. नुसतं धुकं. पांढरं, सपाट, काही नाही.

"गेलं," बाई म्हणाल्या. "आत्ताच गेलं."

झालं! अकरा वर्षांचं सगळं एकदम वर आलं. सहादू ओरडला, "तुम्हालाच! परत तुम्हालाच! मी चढलो वर, मी मागितलं, आणि तुम्ही माझ्या चुलीपाशी उभ्या राहून बघता? देव काय तुमच्या घरी कामाला हाय का? सांगा आता रविवारी उभं राहून! रडवा सगळ्यांना!"

बाईंचा चेहरा विझला. त्यांनी झारा त्याच्या हातात दिला आणि आत गेल्या.

करपलेले पोहे लोकांनी हसत हसत खाल्ले. "बाई, परीक्षेत नापास!" म्हणून चेष्टा केली, आणि बाईंनी ती मुकाट ऐकून घेतली. परतीच्या बसमध्ये त्या पुढं, सहादू मागं. वणीपासून नाशिकपर्यंत त्यानं त्यांच्या अंबाड्याकडं बघत वेळ काढला. राग उतरला होता. पण जळणं नाही उतरलं, खोटं कशाला सांगा. वरून आणखी एक खुपत होतं, त्या चेहऱ्यावरचं ते सगळं आपण एका फटक्यात पुसलं.

रविवार आला. साक्षीची वेळ झाली. कोणी दिरांचं ऑपरेशन सांगितलं, कोणी मुलीची नोकरी. मग सगळ्यांच्या माना एस्तेरबाईंकडं वळल्या. बाई हातातल्या रुमालाची घडी घालत बसलेल्या.

पाळकसाहेब म्हणाले, "बाई, हातगडाचं काही?"

बाईंनी मान हलवली. नाही.

अकरा वर्षांत पहिल्यांदा! सहादूला कळून चुकलं, बाई आता कधीच सांगणार नाहीत. त्यांनी पाहिलं ते त्यांच्याबरोबरच जाईल, आणि ते आपल्यामुळं. सुलाबाईनं कोपर मारलं नाही, काही नाही. तो आपला आपणच उठला.

"मी सहादू पगारे," तो म्हणाला. लोक हसले, कारण त्याला ओळखत नाही असं तिथं कोणी नव्हतं. "मी वर गेलो, मला काय दिसलं नाय. मी खाली आलो. बाईंना दिसलं होतं. देवानं जलप्रलयानंतर ढगात जी धनुष्याची खूण ठेवली ना, ती. पण अर्धी नाय, पुरी गोल. मला ते सोसलं नाय. मी बाईंना नाय नाय ते बोललो. म्हणून त्या गप हायेत. पोहे त्यांनी करपवले, पण बाकी सगळं मी करपवलं." तो बाईंकडं वळला. "मी ते पाहिलं नाय, मला सांगता येत नाय. पण बाईंचं तोंड पाहिलं. त्या खोटं सांगत नव्हत्या. बाई, उठा. तुमच्या पाया पडतो. सांगा."

एस्तेरबाई बाकाला धरून हळूहळू उठल्या.

"त्याला इंद्रवज्र म्हणतात," त्या म्हणाल्या, आणि आवाज इतका बारीक की मागचे पुढं सरकले. "मी एकतीस वर्षं शिकवलं. ऊन पाठीशी लागतं, धुकं समोर लागतं. कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी झारा हलवत होते, आणि..."

मग त्या सांगायला लागल्या. ह्या खेपेला मोठमोठे शब्द नव्हते. मध्येच अडत होत्या, हातानं हवेत गोल काढत होत्या. सहादू उभाच होता, बसायचं विसरून. पोटात कळ येत होती, तीच जुनी, ओळखीची. पण कान असे लागले होते की एक शब्द सुटू नये.

"सात रंग, कड्यासारखे," बाई म्हणत होत्या.

"बाई, थांबा," सहादू मध्येच बोलला. "लाल बाहेर होता का आत?"

सगळी मंडळी हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी डोळे मिटले, आठवलं, आणि नीट त्याच्याकडं बघून सांगितलं, "बाहेर, सहादूभाऊ. लाल बाहेर होता."

"आणि मग?" सहादू म्हणाला. "हात वर केला, मग काय झालं?"