दोन मेंढ्या, एक वीट

माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ गोष्टी बिघडल्या, पण बहुतेक आळसाने. सलग तीन महिने, वहीत नीट आखून, मेहनत करून बिघडवलेली अशी ही एकच.

त्या काळी आम्ही चौघे एकाच सॉफ्टवेअर कंपनीत होतो. एक जण सहा महिने जर्मनीला राहून आला आणि येताना चॉकलेटांऐवजी पटावरचा एक खेळ घेऊन आला. षटकोनी पुठ्ठ्यांचं बेट मांडायचं. कुठे जंगल, कुठे विटांची माती, कुठे मेंढ्यांची कुरणं. फासे पडतील तसा ज्याला त्याला माल मिळणार, त्यातून रस्ते आणि घरं बांधायची. गोम अशी की एकट्याला सगळं कधीच मिळत नाही. लाकूडवाल्याला वीट हवी, वीटवाल्याला गहू. मग मागायचं, नाकारायचं, घासाघीस करायची.

रविवारी सकाळी सदाशिव पेठेत आमच्या घरी, गच्चीवरच्या खोलीत डाव बसायचा. त्या खोलीचा राजा होता आमचा यवतमाळकडचा मित्र. ऑफिसात हा माणूस मान खाली घालून वावरायचा. मीटिंगमध्ये इंग्रजी बोलायची पाळी आली की चष्मा पुसत बसायचा. पण हातात दोन मेंढ्या आल्या की त्याचा आवाज खालच्या मजल्यावर जायचा.

"काऊन बे, वीट दाबून बसला? लग्न आहे का तिचं?"

"मला मेंढी नको," जर्मनीवाला म्हणायचा.

"अबे, पाह्य तर खरी! गाभण आहे. एक नेशील तं दोन होतील."

पुठ्ठ्याची मेंढी गाभण आहे असं ऐकून तो जर्मनी पाहिलेला माणूस खरोखर वीट काढून द्यायचा.

मला हे आवडायचं नाही, खरं सांगतो. आमचे वडील दुकानात भाव विचारत, पटला तर वस्तू घेत, नाही तर छत्री उचलून चालू लागत. 'कमी करा' म्हणणं त्यांना भीक मागण्यासारखं वाटे, आणि ते वाटणं त्यांनी मला जसंच्या तसं दिलं होतं. एका रविवारी मी चक्क घड्याळ लावून बसलो. तीन तासांच्या डावात दोन तासांहून जास्त वेळ नुसतं बोलणं झालं, असं मी शेवटी जाहीर केलं.

यवतमाळकर म्हणाला, "मंग उरलेल्या एका तासात काय करतो बे आपण?"

सगळे हसले. मीही हसलो. त्याने ते हसवण्यासाठी विचारलं नसावं, हे कळायला मला फार उशीर लागला.

मग आमच्या धंद्यावर मंदी आली. जर्मनीवाला अमेरिकेला गेला, चौथा बंगलोरला. यवतमाळकराचं प्रोजेक्ट बंद झालं. दोन महिने त्याला बिनकामाचं बसवून ठेवलं आणि एका शुक्रवारी राजीनामा लिहून घेतला. घरी त्याने काही कळवलं नाही. हडपसरला त्याच्या खोलीत राहणारा एक जण मला भेटला. म्हणाला, "दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो हो. तुमच्याकडे रविवारी यायचं असायचं, तेव्हा दाढी तरी करायचा. आता तेही बंद."

दोघांत हा खेळ होत नाही. चौघे एका खोलीत येणं शक्य नव्हतं. म्हणून मी ठरवलं, की हा खेळ कॉम्प्युटरवर आणायचा आणि इंटरनेटवरून चौघांनी खेळायचा. त्याने पुन्हा दाढी करावी, एवढाच माझा हेतू होता. हेतूपुरता मी चांगला माणूस आहे.

तेव्हा एक लढाईचा गेम सगळेच खेळत. किल्ले, सैनिक, लाकूड तोडणारे मजूर. त्यातच स्वतःचा नकाशा बनवायची सोय होती: जमीन हवी तशी मांडा आणि 'अमुक झालं तर तमुक कर' असे नियम लिहा. मी बेट मांडलं. पहिल्या चाचणीत चार मिनिटांत बेटावर एकही मेंढी उरली नाही. त्या गेममधले मजूर मेंढी दिसली की मारून खात. त्यांना शाकाहारी करण्यात माझे दोन आठवडे गेले. मग सैनिकांनी गव्हाच्या गाड्या जाळल्या. मग एक मेंढी समुद्रावर चालायला लागली. ती शेवटपर्यंत चालत राहिली, मला थांबवता आली नाही.

आणि मग आला देवघेवीचा भाग. इथे मी चमकलो. बेटाच्या मधोमध बाजार ठेवला. जास्तीचा माल गाडीत बसून आपोआप तिथे जाणार, कुणाला काय कमी आहे ते नकाशाच पाहणार आणि एकाला एक असा बदलून देणार. कुणी मागायचं नाही, कुणी अडवायचं नाही. टाईप केलेले निरोप बेटावर उमटून विटा झाकायचे, म्हणून तेही बंद करून टाकले. ऑफिसात मी पोटासाठी हेच करत होतो. परदेशातल्या एका व्यापाऱ्याकडे दहा-बारा माणसं फोनवर ऑर्डरी घेत. त्यांच्या जागी मी कॉम्प्युटरचा एक पडदा बसवून दिला होता. हात त्यात बसलेलाच होता.

स्वारगेटच्या सायबर कॅफेत डाव ठरला. इथे रविवार सकाळ, तिकडे अमेरिकेत शनिवार संध्याकाळ. कॅफेच्या मालकाने पाटी लावली होती: 'खेळणाऱ्यांनी ओरडू नये. जिंकल्यावरही नाही.' हडपसरच्या बसमधून यवतमाळकर उतरला तेव्हा मी आधी त्याची हनुवटी पाहिली. गुळगुळीत होती. मला इतका आनंद झाला की चहा मी पाजला. हेही आमच्या पेठेत वारंवार घडत नाही.

शेजारी शेजारी बसलो. त्याने हात चोळले.

"मले वीट पाहिजे. आता मागू कसा?"

"मागायचं नाही. गाडी आपोआप जाते."

"अन् तो नाही म्हणाला तं?"

"नाही म्हणायची सोयच ठेवलेली नाही," मी म्हणालो. छाती पुढे काढून म्हणालो.

तो पडद्याकडे बघत राहिला. गाडी गेली, वीट आली. पुन्हा गेली, गहू आला. चाळीस मिनिटांत डाव संपला आणि जिंकला तोच. मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"जिंकलास की रे!"

"मी काय केलं बे?" तो म्हणाला.

अमेरिकेतून आणि बंगलोरहून शाबासकीच्या ईमेल आल्या. मी त्या छापून घेतल्या.

पुढच्या रविवारी तो आला, दाढी न करता. अर्धा डाव झाल्यावर माझ्या लक्षात आलं की त्याचा हात माऊसवर नाही, मांडीवर आहे. तरी डावात त्याचा दुसरा नंबर आला. मला वाटलं, नकाशात चूक आहे. मी घरी जाऊन चूक शोधत बसलो, आणि दोन सापडल्याही.

तिसऱ्या रविवारी मी बसथांब्यावर चार बस पाहिल्या. पाचवीत मीच चढलो आणि हडपसर गाठलं. खोलीवरचा म्हणाला, "तो गावी गेला, बुधवारीच. ही पेटी तुमची आहे म्हणाला." पटाची पेटी होती. खरी जर्मनीवाल्याची, अमेरिकेला जाताना तो यवतमाळकराकडे ठेवून गेला होता. आम्ही दोघंच इथे उरल्यावर ती त्याने कधी उघडली होती का, हे मी त्याला विचारलंही नव्हतं.

महिनाभरात मी नकाशा पुन्हा लिहिला. निरोप सुरू केले, आपोआप चालणारी गाडी काढून टाकली, नाही म्हणायची सोय ठेवली. मग पेठेतल्या बूथवरून त्याच्या गावी फोन लावला. त्याच्या वडिलांनी उचलला. निवृत्त मास्तर होते.

"आहे जी घरी. पण कोणासंगच बोलत नाही. तुम्ही बोलून पाहा."

रिसीव्हर कुणीतरी हातात घेतल्याचा आवाज आला. मग नुसता श्वास. मी पाठ करून आलो होतो ते सगळं विसरलो. जन्मात भाजीवालीशीही न केलेली गोष्ट मी काचेच्या त्या खोक्यात उभा राहून केली.

"दोन मेंढ्या देतो," मी म्हणालो. "एक वीट दे."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"अरे, गाभण आहेत."

"ठेव तुह्यापाशीच," तो म्हणाला. रागाने नाही. दुकान बंद करताना सांगावं तसं.

"बरं, तीन देतो," मी म्हणालो.

फोन ठेवला गेला होता.