खुलताबादेत खासदारबाईंचं मत

पुण्याहून निघतानाच पाहुण्यांची सगळी मतं मला पाठ होती. युरोपातल्या एका छोट्या देशाच्या खासदारबाई छत्रपती संभाजीनगरचे कारखाने बघायला येणार होत्या आणि मी त्यांची दुभाषी. त्यांच्या संसदेच्या संकेतस्थळावर कोणी कशाला हो म्हटलं, कशाला नाही, सगळं उघडं असतं. बाईंनी कोंबड्यांना मोठे पिंजरे मिळावेत म्हणून मत दिलं होतं, नद्यांच्या बाजूनं दिलं होतं, आणि कमी पगाराच्या परदेशी कामगारांना बायकामुलं आणणं अवघड करणाऱ्या कायद्यालाही दिलं होतं. आपल्याकडे आमदारानं कशाला हात वर केला हे त्याच्या घरच्यांनाही ठाऊक नसतं. मला त्या उघडेपणाचं कौतुकच वाटलं.

कारखाने उरकले. छावणीच्या बाजारात बाईंनी घासाघीस न करता चपला घेतल्या, तेव्हा दुकानदारच ओशाळला. रविवारी वेरूळला निघालो. दौलताबादला सीताफळं घेतली. बाईंनी पहिला घास बियांसकट चावला, दाढ धरून बसल्या आणि तरी दुसरं फळ मागितलं.

तेवढ्यात ड्रायव्हर जावेदभाई म्हणाले, "मॅडम, खुलताबादला माझे मामू राहतात. त्यांचा पोरगा ह्यांच्याच देशात वेल्डर हाय. तिथं जेवूनच जाऊ ना." मला बाईंचं त्या कायद्याचं मत आठवलं. बाई मात्र लगेच तयार झाल्या.

रफिकमामूंच्या घरी दस्तरखान (जेवणासाठी अंथरायचं कापड) पसरलेलाच होता. नान-खलिया (जाड नान आणि मटणाचा पिवळा रस्सा) उत्तम होता. सून नसरीन वाढत होती. लग्नानंतर नवरा परदेशी गेला तो गेलाच, तिचा व्हिसा काही येईना. पाहुण्याला जेवताना काम सांगायचं नसतं, म्हणून कोणी अवाक्षर काढलं नाही. हात धुतल्यावर मामू म्हणाले, "मॅडम तिथल्या खासदार. त्यांनी एक शब्द टाकला तर काम होतंय. सुनेचा व्हिसा लई दिवस अडकलाय."

मी इंग्रजीत सांगितलं. बाई म्हणाल्या, "त्या कायद्याला मी मत दिलंय. आजही देईन. माझा शब्द तिथे चालत नाही, आणि चालला असता तरी टाकला नसता."

मी ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं. मामू आत वळून मोठ्यानं म्हणाले, "नसरीन, मॅडम म्हणतात, बघू."

आपल्याकडे तोंडावर नाही कुणी म्हणत नाही. कचेरीत असो की सोयरिकीत, "बघू" म्हणायचं आणि समोरच्यानं काय ते समजून घ्यायचं. पण नसरीन दारातच उभी होती.

"नाय अब्बा, मी ऐकलंय," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "पुढं कधी होईल का, तेवढं विचारा."

"वेल्डरच्या पगारावर? नाही," बाई म्हणाल्या. मी तेही मराठीत सांगितलं.

"एजंट बघू म्हणतो, हे बघू म्हणतात, अब्बा बघू म्हणतात. म्हणून मी थांबले होते. नाय असं कुणी म्हणलंच नव्हतं." तिनं तिथंच फोन लावला. "सुनो, उधर नै होता. घर आ जाओ." मामू "ठैर बेटी, ठैर" म्हणत उठले. तिनं त्यांच्याकडे पाठ केली आणि पुन्हा तेच सांगितलं.

वेरूळ राहूनच गेलं. परतीच्या घाटात बाईंनी विचारलं, "ती फोनवर काय म्हणाली?"

"नवऱ्याला परत बोलावलं."

बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माझ्या मतदारांना हेच हवं होतं."

मला त्यांचा राग आला. नसरीनला पहिल्यांदा खरं सांगणारीही हीच बाई, हे मात्र मनातून जाईना. ते शेवटचं वाक्य मला कोणाला मराठीत सांगायचं नव्हतं, तेवढंच बरं झालं.